माशांत नर-मादी कशी ठरते? पिल्लं मोजून शोधायची पद्धत

तीन-साडेतीन आठवड्यांचं गप्पीचं पिल्लू थोड्या पाण्यासकट एका पारदर्शक डबीत घ्या, डबी उजेडासमोर धरा आणि भिंगातून पिल्लाच्या पोटाखाली बघा. गुदद्वाराच्या लगेच मागे एक छोटा पर दिसेल. तो हातपंख्यासारखा पसरट आणि त्रिकोणी असेल तर मादी. त्याच पराचे पुढचे काटे जाड होऊन लांबायला लागले असतील, पर निमुळता होऊन शेपटीकडे झुकत असेल, तर नर. या पराचा तिसरा, चौथा आणि पाचवा काटा वाढून पुढे नळीसारखा अवयव तयार होतो. त्याला गोनोपोडियम म्हणतात आणि त्याच्या मदतीने नर मादीच्या शरीरात शुक्राणू सोडतो. रंग यायला अजून अवकाश असतो. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाशी काळसर डागही दिसतो, पण फिकट जातींमध्ये तो फसवतो. म्हणून मी भरवसा परावरच ठेवतो.

हे भिंगाखालचं काम सगळ्यात आधी सांगितलं, कारण माशांच्या लिंगनिश्चितीबद्दल जे काही शोधता येतं ते शेवटी अशा एकेक पिल्लाच्या मोजणीवर उभं असतं. बहुतेक जण शाळेत शिकलेलं माणसाचं गणित माशांना लावतात: वाय गुणसूत्र असेल तर नर, नसेल तर मादी, आणि निम्मे-निम्मे. गप्पीत ते बऱ्याच अंशी चालतं. प्लॅटीत चालत नाही, झेब्राफिशमध्ये तर मुळीच नाही. सस्तन प्राण्यांत नर ठरवणारं मुख्य जनुक जवळपास सगळीकडे एकच आहे. माशांत ते जातीगणिक बदलतं, कधी एकाच जातीच्या दोन वाणांतही बदलतं. त्यामुळे माशापुढे बसताना पहिला प्रश्न हवा तो असा: या माशात लिंग ठरवतंय कोण?

आधी मासा कुठल्या गटातला ते बघा

पहिला गट एक्स-वाय पद्धतीचा. यात मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय. गप्पी, मेडाका, रेनबो ट्राउट, कॉमन कार्प, नाईल तिलापिया ही यातली ओळखीची नावं. दुसरा गट झेड-डब्ल्यू पद्धतीचा, पक्ष्यांसारखा. यात नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू, म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. ब्लू तिलापिया या गटात आहे. नाईल आणि ब्लू हे दोन तिलापिया एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक की त्यांचा संकर सहज होतो, तरी त्यांची पद्धत उलटी. माशांच्या जनुकशास्त्रात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

तिसरा गट प्लॅटीचा. तिच्यात एक्स, वाय आणि डब्ल्यू अशी तीन गुणसूत्रं फिरत असतात. मादी एक्सएक्स, डब्ल्यूएक्स किंवा डब्ल्यूवाय असू शकते, आणि नर एक्सवाय किंवा वायवाय. याचे परिणाम पुढे मोजणीत दिसतात.

चौथ्या गटात एकच मालक नाही. अनेक जनुकं थोडा थोडा भार टाकतात आणि तापमान, अन्न, गर्दी हेही त्यात हात घालतात. युरोपियन सी बास असा आहे. प्रयोगशाळेतला झेब्राफिशही असाच वागतो, पण त्याची कहाणी वेगळी आहे. निसर्गातून आणलेल्या झेब्राफिशमध्ये चौथ्या गुणसूत्रावर झेड-डब्ल्यू पद्धतीच्या खुणा सापडतात, आणि प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या नेहमीच्या वाणांतून त्या नाहीशा झाल्या आहेत. हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. माणसाने पाळता पाळता लिंगगुणसूत्र हरवून बसलेला मासा! तुम्ही पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यात जोड्या लावत असाल तर हे ध्यानात ठेवा.

शेवटचा गट आयुष्यात लिंग बदलणाऱ्यांचा. त्याकडे शेवटी येऊ.

पहिली पायरी: व्हर्जिन मादी

सगळी चूक इथे होते. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या माशांच्या माद्या शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवतात. एकदा नराशी संबंध आला की पुढे नर नसतानाही लागोपाठ अनेक वेतं होतात. एकाच वेतात दोन-तीन बाप असणंही नेहमीचं आहे.

माझ्या सुरुवातीच्या नोंदी यामुळेच वाया गेल्या. मोठी, सुंदर मादी विकत आणून मी तिला माझ्या निवडलेल्या नराबरोबर ठेवली. वेत झालं, मुलगे वाढले आणि त्यांच्या पाठीवरच्या परावर एक काळा ठिपका आला, जो माझ्या नरात नव्हताच. मी तो आईकडून आला असं धरून वहीत पानभर निष्कर्ष लिहिले. तो ठिपका आला होता त्या मादीच्या आधीच्या टाकीतल्या कुठल्यातरी नराकडून. तेव्हापासून मोठी आणलेली मादी मी प्रयोगासाठी वापरत नाही. तिचं वेत घेतो आणि त्यातल्या मुली वाढवतो.

करायचं ते असं. वेत झालं की पिल्लं आईपासून वेगळी करा. तिसऱ्या आठवड्यापासून दर तीन दिवसांनी प्रत्येक पिल्लू भिंगाखाली घ्या. ज्याचा पर लांबायला लागला तो त्याच दिवशी नरांच्या टाकीत. शंका असेल ते पिल्लूही मुलींमध्ये ठेवायचं नाही, त्याला तिसऱ्या डब्यात ठेवायचं. एक चुकलेला नर अख्खी टाकी निकामी करतो. मुली दोन-अडीच महिन्यांच्या झाल्या की जोडी लावण्याआधी महिनाभर नराशिवाय ठेवून बघा. एखादीने या काळात पिल्लं दिली, तर ती मादी आणि तिच्या टाकीतल्या सगळ्या जणी प्रयोगातून बाद.

अंडी घालणाऱ्या माशांत हा त्रास नाही. झेब्राफिश किंवा मेडाकात अंड्यांचं फलन शरीराबाहेर होतं, त्यामुळे वेगळी ठेवलेली जोडी म्हणजे खात्रीचे आईबाप.

दुसरी पायरी: एक जोडी, एक टाकी, एक वही

एका टाकीत एकच नर आणि एकच मादी. दोन माद्या ठेवल्या की कुठलं पिल्लू कुणाचं ते कळत नाही. प्रत्येक माशाला क्रमांक द्या आणि पिल्लांच्या नोंदीत आई-बापाचे क्रमांक लिहा. वहीत पाण्याचं तापमान, पीएच, वेताची तारीख, जन्मलेल्या पिल्लांची संख्या आणि मेलेल्यांची संख्या हवी. मेलेल्यांची संख्या लोक लिहीत नाहीत, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. पन्नासांपैकी वीस पिल्लं लिंग कळायच्या आधीच मेली, तर उरलेल्या तिसांतलं प्रमाण तुम्हाला लिंगनिश्चितीबद्दल काहीच ठामपणे सांगत नाही. कदाचित एका लिंगाची पिल्लं जास्त नाजूक असतील.

तिसरी पायरी: मोजणं, आणि मोजलेल्यावर किती विश्वास ठेवायचा

वीस पिल्लांत १४ माद्या आणि ६ नर निघाले तर काय म्हणाल? "मादीकडे कल आहे," असं म्हणायचा मोह होतो. थांबा. यासाठी काय-वर्ग चाचणी हाताने करता येते. निम्मे-निम्मे धरलं तर अपेक्षा १० आणि १०. प्रत्येक बाजूचा फरक ४, त्याचा वर्ग १६, त्याला अपेक्षेने भागलं की १.६. दोन्ही बाजूंची बेरीज ३.२. ही बेरीज ३.८४ च्या वर गेली तरच फरक निव्वळ योगायोगाने पडला नसावा असं म्हणायचं (ही पाच टक्क्यांची सीमा आहे). ३.२ तिच्या आत आहे. म्हणजे निष्कर्ष काढायचा नाही.

आता तेच प्रमाण ४० पिल्लांत बघा: २८ माद्या, १२ नर. अपेक्षा २० आणि २०, फरक ८, वर्ग ६४, भागाकार ३.२, दोन्हींची बेरीज ६.४. सीमा ओलांडली. टक्केवारी दोन्हीकडे सत्तरच, पण पहिल्या वेळी गप्प बसायचं आणि दुसऱ्या वेळी कारण शोधायला लागायचं. एका वेतात पुरेशी पिल्लं मिळाली नाहीत तर त्याच जोडीची दोन-तीन वेतं एकत्र करा. दोन वेगळ्या जोड्यांची बेरीज मात्र करू नका. एका जोडीत सगळे नर आणि दुसरीत सगळ्या माद्या निघाल्या तर बेरीज निम्मी-निम्मी दिसेल आणि खरी गोष्ट तिच्याखाली गाडली जाईल.

चौथी पायरी: आकडा काय सांगतो

एकास एक आलं तर फारसं कळत नाही. एक्स-वाय असो वा झेड-डब्ल्यू, दोन्हींत तेच येतं. बोलकी असतात ती वाकडी प्रमाणं.

प्लॅटीची डब्ल्यूएक्स मादी आणि एक्सवाय नर घ्या. पिल्लं चार प्रकारची होतात: डब्ल्यूएक्स, डब्ल्यूवाय, एक्सएक्स आणि एक्सवाय. पहिल्या तिन्ही माद्या, शेवटचा एकटा नर. म्हणजे तीनास एक. एक्सएक्स मादी आणि वायवाय नर यांची जोडी लागली तर सगळेच मुलगे. प्लॅटी पाळणाऱ्यांना मधूनच "या जोडीला नुसते नर होतात" असा अनुभव येतो आणि ते पाण्याला दोष देतात. पाण्याकडे वळण्याआधी त्याच नराला दुसरी व्हर्जिन मादी देऊन बघा. नर वायवाय असेल, तर डब्ल्यू असलेल्या मादीपासून त्याला निम्म्या मुली होतील आणि एक्सएक्स मादीपासून पुन्हा सगळे मुलगे.

संशोधक याहून धारदार चाचणी वापरतात. मादी असायला हव्या होत्या अशा पिल्लांना संप्रेरकाने नर करायचं आणि मग साध्या मादीशी जोडी लावायची. माशाची पद्धत एक्स-वाय असेल तर दोघेही एक्सएक्स, म्हणून सगळ्या मुली. झेड-डब्ल्यू असेल तर दोघेही झेडडब्ल्यू, मग पिल्लांत एक झेडझेड नर, दोन झेडडब्ल्यू माद्या आणि एक डब्ल्यूडब्ल्यू. डब्ल्यूडब्ल्यू जगत असेल तर तीन माद्यांमागे एक नर, जगत नसेल तर दोनामागे एक. एका जोडीच्या पिल्लांवरून अख्ख्या जातीची पद्धत उघड होते.

पाचवी पायरी: रंगाचा माग

घरच्या घरी संप्रेरकाशिवाय करता येणारा आणि मला सर्वांत आवडणारा प्रयोग हा आहे. १९२० मध्ये योहानेस श्मिट यांनी गप्पीतला पाठीच्या परावरचा काळा ठिपका फक्त बापाकडून मुलाकडे जातो हे नोंदवलं. मुलींमार्फत तो पुढे जातच नव्हता. पुढे ओइविंद विंगे यांनी अशा अनेक खुणा वाय गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९२१ मध्ये जपानमध्ये आयदा यांनी मेडाकात वाय गुणसूत्रावरून जाणारा रंग दाखवला.

तुमच्या गप्पीतली एखादी खूण कुठे बसली आहे हे दोन पिढ्यांत कळतं. खूण असलेला नर घ्या आणि ती खूण नसलेल्या वाणातली व्हर्जिन मादी घ्या. मुलगे मोठे झाले की बघा. सगळ्या मुलांत खूण आली, तर ती वायवर असू शकते किंवा साध्या (म्हणजे लिंग न ठरवणाऱ्या) गुणसूत्रावर जोडीने, म्हणजे दोन्ही प्रतींवर, असू शकते. एकाही मुलात आली नाही, तर ती एक्सवर असण्याची शक्यता आहे, कारण बापाचा एक्स मुलाकडे जात नाही (खूण प्रच्छन्न, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच दिसणारी, असेल तरी असंच दिसतं). निम्म्या मुलांत आली, तर साध्या गुणसूत्रावर, एकेरी, म्हणजे एकाच प्रतीवर.

निकाल लागतो तो मुलींकडून. गप्पीच्या मादीत रंगाची जनुकं असली तरी नर-संप्रेरक नसल्याने ती बहुधा दिसत नाहीत, म्हणून मुलीकडे बघून काही कळणार नाही. या मुलींची जोडी खूण नसलेल्या वाणाच्या नराशी लावा आणि नातवंडांतले नर बघा. खूण वायवर असेल तर एकाही नातवात ती दिसणार नाही, कारण मुलीला आजोबांचा वाय मिळालाच नव्हता. एक्सवर असेल तर निम्म्या नातवांत दिसेल. साध्या गुणसूत्रावर जोडीने असेल तरीही निम्म्यांत दिसेल, पण त्या वेळी ती मुलांमध्येही आलेली असेल. म्हणून दोन्ही पिढ्यांची नोंद शेजारी शेजारी ठेवूनच वाचायची. पिढ्या वाढवल्यावर एखाद्या मुलात वायवरची खूण अचानक गायब झालेली दिसली तर नोंद चुकली असं लगेच धरू नका. एक्स आणि वाय यांच्यात क्वचित देवाणघेवाण होते.

याच कल्पनेवर तोकिओ यामामोतो यांनी मेडाकात एक देखणं काम केलं. त्यांनी असा वाण तयार केला की ज्यात लाल रंगाचं जनुक वायवर होतं: एक्सएक्स माद्या पांढऱ्या, एक्सवाय नर लालसर. मग पिल्लांना स्त्री-संप्रेरक देऊन त्यांनी लालसर माद्या मिळवल्या. मादी लाल दिसते म्हणजे ती आतून एक्सवाय आहे, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय डोळ्यांना कळत होतं. १९५३ मधलं हे काम. मेडाकातलं नर ठरवणारं जनुक, डीएमवाय, २००२ मध्ये सापडलं. सस्तन प्राण्यांतल्या नर ठरवणाऱ्या एसआरवाय जनुकानंतर पृष्ठवंशीयांत सापडलेलं ते पहिलं. पण मेडाकाच्याच एका जवळच्या जातीत ते जनुक नाहीच, तिथे हे काम दुसरं जनुक करतं. आणि फुगू माशात नर-मादीतला फरक एका जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षरावर येऊन ठेपतो.

पाण्याचा हात आहे का, ते तपासणं

संशय आला तर एकच वेत दोन भागांत वाटा आणि जन्मापासून दोन वेगळ्या तापमानांत वाढवा. अन्न, गर्दी, पीएच सारखं ठेवा. दोन्हीकडे मृत्यू कमी असतील आणि तरी प्रमाण वेगळं आलं, तर तापमान ढवळाढवळ करतंय. वाटणी पहिल्या दिवसांतच व्हायला हवी. लिंग ठरण्याची खिडकी बहुतेक जातींत लवकर बंद होते.

उष्णता साधारणपणे नरांकडे ढकलते. शरीरात अॅरोमटेज नावाचं विकर असतं, ते नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर करतं. ऊब वाढली की काही जातींत त्याचं जनुक दबतं आणि अंडाशय घडायच्या ऐवजी वृषण घडतं. सी बासच्या संवर्धनात नरांचा भरणा होतो तो मुख्यतः यामुळे. अॅपिस्टोग्रामातही गरम पाण्यात नर जास्त होतात. क्रिबेन्सिसमध्ये पीएच महत्त्वाचा, आम्ल पाण्यात नर वाढतात. झेब्राफिशला कमी अन्न आणि जास्त गर्दी मिळाली की नर वाढतात. तुमच्या झेब्राफिशमध्ये सगळे नर निघत असतील तर आधी पिल्लांची संख्या कमी करा आणि खाणं वाढवा.

अटलांटिक सिल्व्हरसाइड या माशात याचं कारणही समजतं. १९८१ मध्ये कॉनोव्हर आणि काइनार्ड यांनी दाखवलं की थंड पाण्यात वाढलेली पिल्लं जास्त करून माद्या होतात. थंड पाणी म्हणजे हंगामाची सुरुवात. लवकर जन्मलेल्याला वाढायला जास्त महिने मिळतात, आणि मोठ्या शरीराचा फायदा मादीला अधिक, कारण मोठी मादी जास्त अंडी देते.

तिलापियाचं उदाहरण: ज्ञान कामाला कसं लागतं

तिलापिया तळ्यात फार लवकर आणि फार वेळा प्रजनन करतो. तळं बारक्या माशांनी भरतं आणि कुणीच विकण्याजोगा वाढत नाही. नर जलद वाढतात, म्हणून नुसते नर हवे असतात. सगळ्यात प्रचलित मार्ग म्हणजे खाणं सुरू केलेल्या कोवळ्या पिल्लांना तीन-चार आठवडे मिथाइलटेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य. हे प्रशिक्षित हातांचं काम आहे. घरच्या टाकीत ते करू नये आणि तसलं पाणी गटारात सोडू नये.

जनुकांचा मार्ग सावकाश, पण खाणारा मासा औषधापासून लांब राहतो. १९६० मध्ये हिकलिंग यांनी मोझांबिक तिलापियाची मादी आणि हॉर्नोरम या दुसऱ्या तिलापिया जातीचा नर यांच्या संकरातून सगळे नर मिळाल्याचं लिहिलं: आई एक्सएक्स, बाप झेडझेड, पिल्लं सगळी एक्सझेड. दुसरा मार्ग वायवाय नराचा. नाईल तिलापियाच्या पिल्लांना स्त्री-संप्रेरक देऊन एक्सवाय माद्या मिळवायच्या आणि त्या साध्या नराशी जोडायच्या. पिल्लांत चारात एक वायवाय येतो. तो दिसायला इतरांसारखाच, म्हणून प्रत्येक नराला साधी मादी देऊन पिल्लं मोजायची. ज्याला जवळपास सगळे मुलगे होतात तो वायवाय. "जवळपास" म्हणावं लागतं, कारण नाईल तिलापियात इतर गुणसूत्रांवरची जनुकं आणि तापमान यांचाही वाटा असतो, आणि काही माद्या निघतातच. या मार्गातही संप्रेरक लागतं, पण ते आजी-आजोबांच्या पिढीत थांबतं. तळ्यात वाढणाऱ्या माशाला त्याचा स्पर्शही झालेला नसतो.

जे लिंग बदलतात

क्लाउनफिशमध्ये सगळ्यात मोठा मासा मादी, त्यानंतरचा नर, बाकीचे अपक्व. मादी गेली की नर मादी होतो आणि अपक्वांतला मोठा नर होतो. उलट दिशेला रास (wrasse) आणि अँथियस हे मासे: कळपातला नर गेला की मोठी मादी नर होते. इथे मोजणी निरुपयोगी, कारण लिंग जनुकात लिहिलेलं नाही, कळपातल्या जागेवर ठरतं. क्लाउनफिशची जोडी हवी असेल तर दोन लहान, पण आकाराने उघड वेगळे मासे एकत्र ठेवा आणि काही महिने थांबा. दोन मोठे मासे एकत्र टाकले आणि दोन्ही माद्या निघाल्या तर मागे फिरता येत नाही, त्या एकमेकींना मारतात.

स्वोर्डटेलबद्दलही "मादीचा नर झाला" असं नेहमी ऐकू येतं. माझ्या मते त्यातले बहुतेक उशिरा वयात आलेले नर असतात. महिनोन् महिने मादीसारखा दिसणारा मासा एके दिवशी शेपटीची तलवार काढतो. खात्री करायची असेल तर त्या माशाने आधी खरंच पिल्लं दिली होती का, ते वहीत बघा.

प्रयोगातून उरलेली पिल्लं ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. साठवलेले शुक्राणू घेऊन गेलेली एकटी गप्पी मादीसुद्धा तिथे नवी वस्ती सुरू करू शकते. ती दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या आणि देताना तिच्या आई-बापाचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या.